१९९९ चा आयईईई रेनॉल्ड जॉन्सन पुरस्कार आणि रेड: वर्गात कसं शिकवावं?

डिप्लोमा_लॅब

कॉम्प्युटर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षासाठी स्टोरेजवर एक तास थिअरी आणि एक प्रॅक्टिकल ठेवायचं आहे. सुरुवात आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या रेनॉल्ड बी. जॉन्सन इन्फर्मेशन स्टोरेज सिस्टिम्स पुरस्कारापासून करणार आहे. १९९९ साली तो डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांना रेडसाठी, म्हणजे अनेक डिस्क जोडून त्यांचा एक संच चालवण्याच्या पद्धतीसाठी, मिळाला, आणि रेड अभ्यासक्रमात आहेच. मुलं "रेड ०, १, ५" पाठ करतात, आकृती काढतात, मार्क मिळवतात. पण डिस्क गेल्यावर नक्की काय होतं ते त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. ते दाखवायचं आहे.

अडलंय ते असं:

१. मिररिंग, म्हणजे तोच डेटा दोन डिस्कवर ठेवणं, आधीपासून होतं. पॅरिटीने, म्हणजे डेटावरून काढून जपलेल्या जादा बिटांनी, हरवलेला डेटा परत मिळवण्याचं आयबीएमच्या नॉर्मन केन ओउची यांचं पेटंटही १९७८ चं आहे. मग या तिघांचा सन्मान नेमका कशासाठी? मुलं हे विचारणारच.

२. लॅबमध्ये लिनक्स असलेली मशीन आहेत, पण जादा हार्ड डिस्क एकही नाही. ४० मिनिटांत बसेल असं प्रात्यक्षिक सुचवा.

३. "घरच्या नॅसमध्ये (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजमध्ये) ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये लावल्या तर चालतील का?" हा प्रश्न दर वर्षी येतो. ठाम उत्तर काय द्यावं?

आणि जॉन्सन यांच्याबद्दल दोन ओळी मिळाल्या तर फळ्यावर लिहीन.

---

जुनी_चकती

दोन ओळींत जॉन्सन मावणार नाहीत, पण तुमच्या वर्गाला ते आवडतील, कारण मुळात ते शिक्षक होते. जन्म १९०६, मिनेसोटा. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मिशिगनमध्ये हायस्कुलात विज्ञान शिकवत असताना त्यांनी उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बनवलं. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, म्हणजे खूण कुठे केली आहे ते विजेच्या प्रवाहावरून कळतं, एवढीच त्यामागची कल्पना. आयबीएमने ती विकत घेतली आणि १९३४ मध्ये त्यांनाही नोकरीवर घेतलं.

१९५२ मध्ये कंपनीने त्यांना कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला नवी प्रयोगशाळा उभारायला पाठवलं. तिथून १९५६ मध्ये ३०५ रॅमॅक हा संगणक बाहेर पडला. त्यातलं ३५० क्रमांकाचं डिस्क युनिट ही व्यापारी वापरातली पहिली हार्ड डिस्क. आकडे फळ्यावर लिहाच: २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या, मिनिटाला १२०० फेरे, एकूण ५० लाख अक्षरं. प्रत्येक अक्षर ६ बिटांचं. मुलांना गुणाकार करायला लावा: ३ कोटी बिट, म्हणजे ३.७५ एमबी. आज मोबाइलवरच्या एका फोटोलाही ती जागा कमी पडेल.

आता एक गोष्ट जरा जवळून दाखवा. चकतीवर चुंबकीय लेप सारख्या जाडीचा बसवायचा कसा? ब्रशने काढला तर रेघा राहतात, फवारला तर दाणे राहतात. त्यांनी आयर्न ऑक्साइडचा रंग रेशमी मोज्यातून गाळून कागदी पेल्यात घेतला आणि फिरत्या चकतीवर मध्याजवळ ओतला. फिरण्याच्या जोरानेच तो कडेपर्यंत पातळ पसरला. हेडचा, म्हणजे डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाचा, प्रश्नही तितकाच अवघड होता. एवढी मोठी चकती फिरताना थोडी तरी हलणारच, आणि हेड तिला घासला तर लेप खरवडला जाणार. म्हणून हेडमधून दाबाखालची हवा सोडून तो पृष्ठभागापासून सुमारे २० मायक्रॉन वर तरंगत ठेवला. आजच्या डिस्कमध्ये हेच अंतर काही नॅनोमीटर असतं आणि हवेची उशी चकतीच्या फिरण्यातूनच तयार होते, वेगळा कॉम्प्रेसर लागत नाही.

५० चकत्यांना हेडची जोडी मात्र एकच होती. ती आधी वरखाली जाऊन चकती गाठायची, मग आत सरकून ट्रॅक गाठायची. म्हणून सरासरी ६०० मिलिसेकंद लागत. रेडच्या पानाकडे वळायला हा चांगला दुवा आहे: एका हाताने सगळी कामं करायची की बरेच हात एकाच वेळी चालवायचे?

---

एक्सॉर

प्रश्न १ चं उत्तर देतो. हा मुद्दा बहुतेक पुस्तकांत नीट येत नाही.

बर्कलीच्या या तिघांचा १९८८ चा निबंध पाहा. रेडमधला 'आय' तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह' म्हणजे स्वस्त या अर्थाने होता, 'इंडिपेंडंट' नंतर आलं. त्यांच्यासमोरची तुलना अशी: एका बाजूला आयबीएमची ३३८० ही मेनफ्रेमची डिस्क, १४ इंची, ७५०० एमबी. दुसऱ्या बाजूला पर्सनल कॉम्प्युटरची कॉनर कंपनीची साडेतीन इंची डिस्क, १०० एमबी. अशा ७५ छोट्या डिस्क म्हणजे एक मोठी, आणि ७५ हात एकाच वेळी काम करणार. वेग आणि किंमत दोन्हींत फायदा.

अडचण विश्वासार्हतेची. एका छोट्या डिस्कचं सरासरी आयुष्य ३०,००० तास धरलं तर १०० डिस्कच्या संचात पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत जाणार. दोन आठवडेसुद्धा नाहीत. असा संच कोणी विकत घेणार नाही. म्हणून जादा डिस्क लावणं ही चैन उरत नाही, त्याशिवाय संच उभाच राहत नाही. मग किती जादा लावायच्या, कुठे लावायच्या आणि त्यासाठी वेगात काय मोजावं लागतं, याचा हिशोब त्यांनी पहिली ते पाचवी अशा पातळ्यांत मांडला. मिररिंग त्यांनी शोधलं नाही आणि तसा दावाही केला नाही. टँडम कंपनीची यंत्रं ते आधीपासून वापरत होती. सगळे पर्याय एकाच मापाने मोजता येतील अशी भाषा त्यांनी दिली. माझ्या मते पुरस्काराला पात्र आहे ते हेच.

दोन बारकावे मुलांना नक्की सांगा.

पहिला: पातळी २ मध्ये हॅमिंग कोड हा चूक शोधून सुधारणारा कोड आहे. १० डेटा डिस्कना ४ जादा डिस्क लागतात. पातळी ३ मध्ये १० ना फक्त १. एवढा फरक का? हॅमिंग कोडला 'चूक झाली' आणि 'कुठे झाली' हे दोन्ही शोधावं लागतं. पण डिस्क बंद पडली की कंट्रोलरला कोणती पडली ते आपोआप कळतं, शिवाय प्रत्येक सेक्टरला स्वतःचा चूक ओळखणारा कोड असतोच. जागा माहीत असेल तर हरवलेली किंमत काढायला एक पॅरिटी पुरते.

दुसरा: पातळी ४ मध्ये पॅरिटी एकाच डिस्कवर असते, म्हणून प्रत्येक लेखन त्या डिस्कच्या दाराशी रांग लावतं. पातळी ५ मध्ये पॅरिटी सगळ्या डिस्कवर आळीपाळीने फिरते.

हे फळ्यावर न करता चार मुलं उभी करून करा. तिघांच्या हातात डेटाची कार्डं: ११०१, ०११०, १००१. चौथ्याकडे पॅरिटी. उभ्या रकान्यात १ ची संख्या विषम असेल तर १, सम असेल तर ० (हेच एक्सॉर). उत्तर ००१०. आता दुसऱ्या मुलाला खाली बसवा आणि वर्गाला त्याचं कार्ड शोधायला सांगा: ११०१, १००१ आणि ००१० यांचं एक्सॉर ०११०. बरोबर आलं.

मग लेखनाची किंमत दाखवा. दुसऱ्याला परत उभं करा आणि पहिल्याचं कार्ड ११०१ चं ११११ करा. सगळ्यांना पुन्हा विचारायची गरज नाही. जुना डेटा एक्सॉर नवा डेटा = ००१०. त्याचं जुन्या पॅरिटीशी (००१०) एक्सॉर = ००००. हीच नवी पॅरिटी. पण मोजा: जुना डेटा वाचला, जुनी पॅरिटी वाचली, नवा डेटा लिहिला, नवी पॅरिटी लिहिली. एका छोट्या लेखनाला चार फेऱ्या. रेड ५ वर डेटाबेस हळू का चालतो याचं उत्तर या चार फेऱ्यांत आहे.

नवा डेटा लिहून झाला आणि पॅरिटी लिहायच्या आत वीज गेली तर? कार्डावर ११११ आहे, पॅरिटी जुनी ००१० च आहे. आता सगळं ठीक दिसतं. पण उद्या तिसरी डिस्क गेली की तिची किंमत १००१ ऐवजी १०११ निघेल. ज्या डिस्कला कोणी हातही लावला नव्हता तिचा डेटा बिघडला. याला 'राइट होल' म्हणतात. उपाय: बॅटरी असलेला कॅश कंट्रोलर, लिनक्सच्या एमडी या सॉफ्टवेअर रेडमध्ये एसएसडीवर जर्नल, किंवा झेडएफएससारखी फाइल सिस्टिम, जी जुन्या जागेवर लिहीतच नाही. बिटमॅप (कोणत्या भागात लेखन चालू होतं त्याची नोंद) चालू ठेवल्याने वीज आल्यानंतरची जुळवणी लवकर होते, पण राइट होल बुजत नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

---

सांगलीकर_लिनक्स

प्रश्न २. जादा डिस्क लागत नाही. फाइलींनाच डिस्क बनवा. एमडीएडीएम हे लिनक्समध्ये रेड सांभाळणारं पॅकेज टाकलेलं असलं की झालं. रूट अधिकार लागतात, म्हणून शक्यतो व्हर्च्युअल मशीनमध्ये करा. ॲरे (रेडचा संच) बनवताना एखाद्याने चुकून खऱ्या डिस्कचं नाव दिलं तर तिथला डेटा गेला.

(१) २०० एमबीच्या पाच फाइली. 'ट्रंकेट' ने पोकळ फाइल बनवू नका, 'एफ-ॲलोकेट' किंवा 'डीडी' ने पूर्ण जागा घेतलेली बनवा. पोकळ फाइल जागा नंतर मागते. मधेच डिस्क भरली तर लूप डिव्हाइस आय-ओ एरर देतं आणि मुलांना वाटतं रेड बिघडलं.

(२) 'लूसेटअप' ने प्रत्येक फाइल लूप डिव्हाइसला जोडा, म्हणजे सिस्टिमला ती डिस्कसारखी दिसते. क्रमांक स्वतः देऊ नका, 'फाइंड' पर्याय वापरा. उबंटूवर स्नॅप पॅकेजेस बरेच लूप क्रमांक अडवून बसलेली असतात. मिळालेले क्रमांक वहीत लिहून घ्यायला लावा.

(३) पहिल्या चार लूपवर लेव्हल ५ चा ॲरे बनवा. पाचवा बाजूला ठेवा. साधारण ६०० एमबीचा ॲरे दिसेल, मेटाडेटामुळे थोडा कमी.

(४) ईएक्सटी४ करून माउंट करा, १००-१५० एमबीच्या फाइली टाका आणि त्यांचे शा-२५६ चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारे आकडे) दुसरीकडे जपून ठेवा.

(५) रीबिल्डचा, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर भरण्याचा, वेग आधीच कमी करा. २०० एमबी काही सेकंदांत भरून होतात, कोणालाच काही दिसत नाही. प्रॉक > सिस > डेव्ह > रेड मधल्या 'स्पीड लिमिट मॅक्स' मध्ये २००० लिहा. हे केबी प्रति सेकंद आहे. २०० एमबीला मग साधारण १०० सेकंद लागतात, तेवढ्यात बोलता येतं.

(६) एका लूपला 'फेल' करा. ॲरेची स्थिती दाखवणाऱ्या एमडीस्टॅटमध्ये चार 'यू' (चालू डिस्क) पैकी एकाच्या जागी अधोरेषा येईल.

(७) ही पायरी सगळे विसरतात. आत्ता चेकसम काढला तर तो बरोबर येईल, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण फाइल अजून रॅममधल्या पेज कॅशमध्ये आहे. आधी 'सिंक', मग प्रॉक > सिस > व्हीएम मधल्या 'ड्रॉप कॅशेस' मध्ये ३ लिहा. त्यानंतर काढलेला चेकसम खरोखर तीन डिस्क आणि एक्सॉरमधून आलेला असतो.

(८) फेल झालेला लूप 'रिमूव्ह', पाचवा 'ॲड'. 'वॉच' लावून एमडीस्टॅट दर सेकंदाला पडद्यावर ठेवा. टक्केवारी सरकताना दिसते.

(९) रीबिल्ड अर्ध्यावर असताना दुसरा लूप फेल करा. बघू दे त्यांना. आय-ओ एरर येतात, फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होते किंवा कोलमडते. रेड ५ ची हद्द इथे संपते हे वाचून कळण्यापेक्षा असं कळलेलं बरं.

(१०) आवराआवर याच क्रमाने: अनमाउंट, ॲरे 'स्टॉप', प्रत्येक लूपवर 'झिरो सुपरब्लॉक', मग लूप सोडवा, मग फाइली पुसा. सुपरब्लॉक, म्हणजे डिस्कवरची ॲरेची नोंद, पुसला नाही आणि फाइली तशाच राहिल्या तर पुढच्या बॅचने त्याच फाइली जोडल्याबरोबर सिस्टिम आपणहून जुना ॲरे उभा करते, बहुधा एमडी१२७ या नावाने, आणि "डिव्हाइस बिझी" म्हणून मुलं अडकतात.

४० मिनिटांत होतं. पाच फाइली आधीच बनवून ठेवल्या तर ३० मध्येही.

---

डिप्लोमा_लॅब

मनापासून आभार. कार्डांचा खेळ थिअरीच्या तासाला घेतोय. प्रात्यक्षिक पायरी ३ पर्यंत करून पाहिलं. दोन शंका.

अ) ॲरे बनवल्या क्षणीच एमडीस्टॅटमध्ये तीन 'यू' आणि एक अधोरेषा दिसली. एकही डिस्क फेल केलेली नव्हती. काही चुकलं का?

ब) डिस्क बंद पडली नाही, पण तिच्यावरचा डेटा गुपचूप बदलला, तर रेड ५ ला कळतं का? तेही दाखवता येईल का?

---

सांगलीकर_लिनक्स

अ) चुकलं नाही. रेड ५ नव्याने बनवताना एमडीएडीएम मुद्दामच शेवटची डिस्क स्पेअर धरून अपुरा ॲरे उभा करतं आणि तिच्यावर लगेच रीबिल्ड सुरू करतं. पॅरिटी जुळवून घ्यायचा तो वेगवान मार्ग आहे: तीन डिस्क सलग वाचायच्या आणि चौथी सलग लिहायची. चारही 'यू' येईपर्यंत थांबा, मगच पायरी ४. आणि वेगमर्यादा ही पहिली जुळवणी झाल्यावर लावा, नाहीतर इथेच दीड-दोन मिनिटं जातील.

ब) दाखवता येतं, आणि दाखवाच. अनमाउंट करा, ॲरे थांबवा. 'डीडी' ने एका लूपच्या मध्यावर, समजा १०० एमबीच्या पुढे, १ एमबी कचरा लिहा. फाइलीच्या शेवटी किंवा अगदी सुरुवातीला नको, सुरुवातीला सुपरब्लॉक असतो. 'डीडी' ला 'नो-ट्रंक' पर्याय द्या. थेट फाइलीवर लिहिलंत आणि तो विसरलात तर फाइल तिथेच कापली जाते. ॲरे पुन्हा उभा करा. एमडीस्टॅट हिरवागार, चारही 'यू'. आता 'सिंक ॲक्शन' मध्ये 'चेक' लिहा आणि संपल्यावर 'मिसमॅच काउंट' पाहा. शून्य नसेल.

पुढे वर्गाला विचारा: आता 'रिपेअर' लिहिलं तर? बहुतेक जण म्हणतील डेटा दुरुस्त होईल. होत नाही. चार कार्डांतलं एक खोटं बोलतंय एवढंच रेडला कळतं, कोणतं ते कळत नाही. एमडीचं रिपेअर डेटा खरा मानतं आणि पॅरिटी नव्याने लिहितं. कचरा डेटाच्या भागावर पडला असेल तर तो आता कायमचा, कारण मूळ डेटा परत काढता येण्याचा शेवटचा मार्गही पुसला गेला. वर एक्सॉर यांनी 'जागा माहीत असेल तर' म्हटलंय, ती अट इथे मोडते. चेकसम ठेवणाऱ्या झेडएफएस किंवा बीटीआरएफएस यांना कोणता तुकडा खोटा ते ओळखता येतं.

---

रॅकरूम

प्रश्न ३. ठाम उत्तर हवं असेल तर: चार डिस्क, प्रत्येकी ८ टीबी, तर रेड ६ (दोन पॅरिटी) किंवा रेड १० (मिररिंगच्या जोड्या). दोन्हींत १६ टीबी मिळतात. रेड ५ मध्ये २४ टीबी मिळतात म्हणून लोक तिकडे वळतात.

कारण समजायला १९८८ च्या निबंधातलं सूत्रच घ्या. डेटा जाण्यापर्यंतचा सरासरी काळ म्हणजे एका डिस्कच्या आयुष्याचा वर्ग, भागिले (एकूण डिस्क × गटातल्या उरलेल्या डिस्क × दुरुस्तीला लागणारे तास). त्यांच्या उदाहरणात १०० डेटा डिस्क, १०-१० चे गट, प्रत्येक गटाला १ पॅरिटी, म्हणजे ११० डिस्क. आयुष्य ३०,००० तास, दुरुस्ती १ तास. ९० कोटी भागिले (११० × १० × १) = सुमारे ८,१८,००० तास, ९० वर्षांहून जास्त. ३०० तासांवरून थेट ९० वर्षं. रेडची सगळी ताकद या एका ओळीत आहे.

पण छेदातला तो '१ तास' बघा. १०० एमबीची डिस्क तासात भरून होते. ८ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी प्रति सेकंदाने भरली तरी जवळपास १५ तास, आणि तेही नॅस दुसरं काहीच करत नसेल तर. त्याच उदाहरणात १ च्या जागी १५ घाला: ९० वर्षांची ६ वर्षं होतात. डिस्क गेल्याचं कोणाच्या लक्षात यायला आणि नवी डिस्क मागवायला तीन दिवस लागले तर ७२ घाला: सव्वा वर्ष. आजच्या डिस्कचं आयुष्य ३०,००० तासांपेक्षा जास्त सांगतात आणि घरी ११० डिस्क नसतात, त्यामुळे घरच्या नॅसचं उत्तर एवढं वाईट येत नाही. पण दुरुस्तीचा वेळ छेदात आहे, म्हणून ईमेल अलर्ट चालू ठेवणं आणि एक डिस्क कपाटात तयार ठेवणं याने जो फरक पडतो तो महागड्या कंट्रोलरनेही पडत नाही. हा हिशोब मुलांकडून करून घ्या.

सूत्रात आणखी एक गृहीत आहे: प्रत्येक डिस्क आपापल्या वेळी जाते. प्रत्यक्षात चारही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी, बऱ्याचदा एकाच बॅचच्या येतात, एकाच पॉवर सप्लायवर आणि एकाच पंख्याच्या वाऱ्यात चालतात. रीबिल्डमध्ये उरलेल्या तिन्ही डिस्क शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचल्या जातात. वर्षभरात कोणी न उघडलेल्या फाइलींखालचे खराब सेक्टर तेव्हा पहिल्यांदा समोर येतात.

म्हणून हे करायचं:

महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे वरचंच 'चेक'. डेबियनमध्ये एमडीएडीएम टाकल्यावर ते महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप चालतं, नॅसमध्ये बहुधा स्वतः चालू करावं लागतं. खराब सेक्टर सापडला की तो पॅरिटीवरून काढून पुन्हा लिहिला जातो. चारही डिस्क जिवंत असताना हे फुकट होतं.

स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, ५, १९७ आणि १९८ हे तीन आकडे पाहा: बदललेले, रखडलेले आणि वाचता न आलेले सेक्टर. १९७ किंवा १९८ वाढत असेल तर डिस्क मरायची वाट पाहू नका. अशा वेळी 'फेल' आणि 'रिमूव्ह' करणं चूक आहे. नवी डिस्क स्पेअर म्हणून जोडा आणि एमडीएडीएमचं 'रिप्लेस' वापरा. ते आजारी डिस्कवरून जमेल तेवढं उचलतं, न जमलेलं पॅरिटीवरून काढतं, आणि तोवर जुनी डिस्क संचातच राहते.

साध्या डेस्कटॉप डिस्क लावल्या असतील तर एरर रिकव्हरीची वेळ तपासा. अशी डिस्क एक खराब सेक्टर वाचायला मिनिट-दोन मिनिटं झगडू शकते. लिनक्स कर्नल मात्र ३० सेकंद थांबतो, मग डिस्क रीसेट करू पाहतो, डिस्क उत्तर देत नाही आणि एमडी तिला बाहेर काढतं. एका सेक्टरपायी अख्खी डिस्क गेली. ही नोंद वाचणाऱ्या स्मार्टसीटीएल कमांडमध्ये 'एससीटी ईआरसी' (एरर रिकव्हरीची वेळ) ७० वर ठेवा. हे सेकंदाच्या दहाव्या भागात मोजतात, म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर हे विसरतात, म्हणून बूटच्या स्क्रिप्टमध्ये टाका. डिस्कला ही सोयच नसेल तर उलटं करा: कर्नलची वेळ १८० सेकंद करा.

आणि विकत घेताना डिस्क सीएमआर (ट्रॅक शेजारी-शेजारी) आहे की एसएमआर ते बघा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. एक ट्रॅक बदलायचा तर पुढचेही पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या वापरात डिस्कमधला राखीव भाग हे झाकतो. रीबिल्डमध्ये तो भरतो आणि वेग कोसळतो, तासांचं काम दिवसांवर जातं. छेदातला आकडा पुन्हा वाढला.

---

एक्सॉर

रॅकरूम यांच्याशी सहमत. फक्त एक हिशोब मुलं इंटरनेटवरून आणतील, त्याबद्दल. डिस्कच्या माहितीपत्रकात 'दर १० च्या १४ व्या घाताइतक्या बिटांमागे १ वाचन-चूक' असं असतं, म्हणजे १२.५ टीबी. चार ८ टीबीच्या रेड ५ मध्ये रीबिल्डला २४ टीबी वाचावे लागतात, म्हणून तो फसण्याची शक्यता ८५ टक्के, असं सांगतात. गणित बरोबर आहे, गृहीत चुकीचं. माहितीपत्रकातला आकडा ही वरची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. शिवाय खराब सेक्टर पावसासारखे सगळीकडे सारखे पडत नाहीत, काही डिस्कवर घोळक्याने येतात. खरंच ८५ टक्के असते तर २४ टीबीचं प्रत्येक मासिक स्क्रब बहुतेक वेळा चुका दाखवत राहिलं असतं. तसं होत नाही. रेड ५ नाकारायला दुरुस्तीचा वेळ आणि एकाच बॅचच्या डिस्क ही कारणं पुरेशी आहेत.

रेड ६ की १० याचं थोडक्यात: रेड ६ कोणत्याही दोन डिस्क गेल्या तरी टिकतं. चार डिस्कच्या रेड १० मध्ये एक गेल्यावर उरलेल्या तीनपैकी तिची जोडीदार गेली तर संपलं. पण रेड १० चा रीबिल्ड फक्त जोडीदाराचे ८ टीबी वाचतो, आणि छोटं लेखन रेड ५ च्या चारऐवजी दोन फेऱ्यांत होतं. फोटो, व्हिडिओ, बॅकअप असेल तर ६. व्हर्च्युअल मशीन किंवा डेटाबेस असेल तर १०. रेड ६ ची दुसरी पॅरिटी नुसती एक्सॉर नसते, रीड-सॉलोमन असते. तीही एक्सॉरच असती तर दोन अज्ञातांसाठी एकच समीकरण दोनदा लिहिल्यासारखं झालं असतं. एवढं डिप्लोमाला पुरे.

पुरस्काराच्या तासाला जोडायला आणखी एक: बर्कलीचा पहिला नमुना, रेड-१, सन ४/२८० मशीनवर २८ डिस्क लावून केला होता. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमपर्यंत वेग पोचला सेकंदाला २.३ एमबी. डिस्क कमी पडल्या नाहीत, यजमान मशीनची मेमरी अडली. म्हणून रेड-२ मध्ये त्यांनी डेटाचा रस्ता यजमानाच्या मेमरीतून बाहेर काढला. नॅस घेणाऱ्या प्रत्येकाने एक गिगाबिटच्या नेटवर्कमागे किती डिस्क लावायच्या याचा विचार इथूनच करावा, कारण ते नेटवर्क सेकंदाला साधारण ११० एमबी नेतं आणि तेवढं एकच डिस्क देते.

---

डिप्लोमा_लॅब

स्क्रब, रिप्लेस आणि दुरुस्तीच्या वेळेचा हिशोब, तिन्ही प्रॅक्टिकलच्या वहीत घालतोय. शेवटचं: पायरी ९ नंतर, म्हणजे रीबिल्ड अर्ध्यावर असताना दुसरा लूप फेल केल्यावर, ॲरे परत आणता येतो का? मुलं 'क्रिएट' पुन्हा चालवून बघायचं म्हणतील.

---

रॅकरूम

'क्रिएट' खऱ्या डिस्कवर कधीच नाही. डिस्कचा क्रम, चंकचा (प्रत्येक डिस्कवर एका वेळी जाणाऱ्या तुकड्याचा) आकार किंवा डेटा जिथून सुरू होतो ती जागा यातलं एक जरी वेगळं पडलं तरी नवा ॲरे जुन्या डेटावर पॅरिटी लिहायला लागतो. डेटाची सुरुवातीची जागा एमडीएडीएमच्या आवृत्तीनुसारही बदलते, त्यामुळे "तीच कमांड दिली होती" हे पुरेसं नाही.

लूपवर योग्य क्रम दाखवा. अनमाउंट करून ॲरे थांबवा. प्रत्येक लूपवर 'एक्झॅमिन' चालवा आणि 'इव्हेंट्स' हा ॲरेतल्या बदलांचा आकडा वहीत लिहा. नंतर फेल केलेल्या लूपचा आकडा चालू लूपच्या अगदी जवळ असेल, पायरी ६ मध्ये काढलेल्याचा बराच मागे. मागे पडलेला बाजूला ठेवा, अर्धवट भरलेला पाचवाही बाजूला. उरलेले तीन 'असेंबल' ला 'फोर्स' जोडून उभे करा. ॲरे अपुरा पण चालू होतो. आधी रीड-ओन्ली माउंट करून फाइली बाहेर काढा, चेकसम जुळवा, मगच पाचवा लूप पुन्हा 'ॲड' करा.

खऱ्या डिस्कवर हेच करण्याआधी प्रत्येक डिस्कची 'डीडीरेस्क्यू' ने प्रत काढायची आणि सगळे प्रयोग प्रतींवर करायचे. आणि डिस्क काढण्यापूर्वी तिचा सीरियल नंबर स्मार्टसीटीएलमध्ये पाहून ट्रेवरच्या चिकटपट्टीशी जुळवायचा. एसडीए, एसडीबी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात. आधीच अपुऱ्या झालेल्या रेड ५ मधून चांगली डिस्क उपसली गेली की वरचा सगळा क्रम तिथून सुरू करावा लागतो.